साहित्यशंका : आईबापांचा त्याग

प्रश्न : मुलांसाठी सर्वस्व देणाऱ्या आईबापांच्या कथांत त्यागाचे कौतुकच अधिक आढळते. या त्यागाची चिकित्सा करणारे साहित्य आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आहे, आणि त्यात बाल्झाकची ‘ल पेर गोरियो’ (1835) ही फ्रेंच कादंबरी मी सर्वांत वर ठेवीन. शेवयांच्या धंद्यात आणि क्रांतीच्या काळातील धान्यटंचाईत गबर झालेला गोरियो दोन्ही मुलींना भरघोस हुंडा देऊन मोठ्या घरांत उजवतो. एक काउंटची पत्नी होते, दुसरी बँकरची. तो स्वतः पॅरिसमधल्या एका खाणावळवजा घरात वर्षाला 1200 फ्रँक देऊन पहिल्या मजल्यावर राहू लागतो; परंतु मुलींच्या मागण्या जसजशा वाढतात तसतसा तो वरच्या, स्वस्त खोल्यांत सरकत जातो आणि अखेर महिना 45 फ्रँकच्या तिसऱ्या मजल्यावरील खोलीत येऊन ठेपतो. शेवटी एका मुलीच्या पोशाखासाठी तो उरलीसुरली चांदी विकतो आणि आपले उत्पन्नही गहाण टाकतो. त्याच्या अंत्ययात्रेला जावयांची कुलचिन्हे मिरवणाऱ्या गाड्या येतात, पण रिकाम्या.

एवढ्यावर ही केवळ कृतघ्न मुलींची कथा ठरली असती. मात्र मरणशय्येवरचा गोरियो मुलींना शिव्याशाप देता देता मध्येच कबूल करतो की त्यांना लाडावून बिघडवले ते आपणच. देण्यावाचून त्याला राहवत नव्हते. त्या देण्यात मुलींच्या भल्यापेक्षा त्यांच्या एका हास्याची हाव मोठी होती. बाल्झाक त्याची कीव करतो, पण त्याला निर्दोष सोडत नाही, आणि माझ्या मते कादंबरीचे बळ नेमके या दुहेरी नजरेत आहे.

आपल्याकडे ‘श्यामची आई’ (1935) भाबड्या त्यागाचे पुस्तक म्हणून बाजूला सारण्याची एक रीत पडली आहे, जी मला अन्यायाची वाटते. दारिद्र्यात खंगत जाणारी ही आई मुलाला पाठीशी घालत नाही. पोहायला जायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला ती शिंपटीने फोडून काढते, आणि तो पोहून आल्यावर त्याला मायेने दही देते. गोरियोला जे कधी जमले नाही, म्हणजे मुलाची नाराजी पत्करणे, ते तिला जमते. तिची झीज मुलाच्या इच्छा पुरवण्यात झालेली नाही, हा फरक साने गुरुजींच्या भावुक शैलीमुळे वाचकाच्या नजरेतून निसटतो.

‘नटसम्राट’ (1970) मात्र या प्रश्नाच्या कडेलाच बसते. गणपतराव बेलवलकर मुलामुलीला सगळे वाटून मोकळे होतात ते काहीशा राजेशाही तोऱ्यात. त्याला त्याग म्हणण्यापेक्षा ‘किंग लिअर’च्या वळणाची दानशूर बेफिकिरी म्हणावे.

प्रश्न : मग हिरकणीला कुठे ठेवाल?
– त्याच वाचकाकडून

उत्तर : कोजागरीच्या रात्री रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्यासाठी कडा उतरणारी ही गवळण आख्यायिकेतली आहे, आणि आख्यायिकेला चिकित्सा नको असते. तिथे गोष्ट महाराजांनी बुरूज बांधून केलेल्या गौरवाशी थांबते. ते तान्हे मोठे होऊन आईशी कसे वागले, हे विचारायला कादंबरीकारच लागतो.