कायद्याचं बोला : मुलांना घराबाहेर काढायचं की मारणाऱ्याला?

प्रश्न : माझी धाकटी बहीण घणसोलीत राहते. नवरा पिऊन तिला मारतो, आता ११ आणि ७ वर्षांच्या मुलांवरही हात टाकतो. घर सासूच्या नावावर आहे. मुलांना कळव्याला माझ्याकडे आणलं तर कोर्ट त्यांचा ताबा मला देईल का?

उत्तर : ताब्याचं नंतर बघू. सांभाळायला आई असताना मावशीचा पालकत्वाचा अर्ज टिकणं अवघड, आणि तोवर तारखा पडत राहतात. बहीण पुढे यायला तयार असेल, तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ मधल्या कलम १२ खाली तिने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. घणसोलीतून करायचा तर बेलापूरच्या न्यायालयात. ती काही दिवस तुमच्याकडे राहायला आली असेल तर ठाण्याच्या न्यायालयातही चालतो. या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरून देतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं, आणि बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

अर्जात तीन गोष्टी मागा : मारहाणीला आणि मुलांच्या शाळेत जायला मनाई (कलम १८), नवऱ्याने घर सोडावं (१९), मुलांचा तात्पुरता ताबा आईकडे (२१). घर सासूचं आहे म्हणून कचरू नका. सून तिथे नवऱ्याबरोबर नांदली असेल, तर नातेवाइकाच्या मालकीचं घरही या कायद्याखाली येऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात सांगितलं आहे. सासूला मात्र बाहेर काढता येणार नाही. तसा आदेश बाईविरुद्ध देताच येत नाही.

पहिली तारीख एरवी ३ दिवसांच्या आत आणि निकाल ६० दिवसांत, असं कायदा म्हणतो. कोर्टात वावरणाऱ्यांना या ६० दिवसांचं हसू येतं. म्हणून कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता आदेश अर्जासोबतच मागा. तो शपथपत्रावर, नवऱ्याचं न ऐकताही मिळू शकतो, पण ‘नेहमी मारतो’ एवढ्यावर सहसा मिळत नाही. तारीख, कशाने मारलं, कुठे लागलं, कोणी पाहिलं हे लिहा. रुग्णालयाचा केसपेपर जोडा. आदेशाची प्रत पोलीस ठाण्यात पोचली का, ते स्वतः जाऊन बघा. प्रत ठाण्यात नसेल तर ऐन वेळी आलेला हवालदार ‘घरगुती भांडण’ म्हणून परत जातो. कलम १८ चा संरक्षण आदेश मोडणं हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे : १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

बहिणीने माघार घेतली, तर बाल न्याय कायदा, २०१५ खालची बाल कल्याण समिती, म्हणजे संकटातल्या मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा. मूल २४ तासांच्या आत समितीपुढे यावं लागतं. सामाजिक तपासणी १५ दिवसांत, अंतिम आदेश ४ महिन्यांत. समिती मुलांना ‘योग्य व्यक्ती’ म्हणून तुमच्याकडे ठेवू शकते, पण कायमची देत नाही. घर सुरक्षित करून मुलं परत पाठवता येतील का, हेच ती आधी पाहते. आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील.

प्रश्न : खारघरला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये मुलाला रोज मार बसतो. मी व्हिडिओ काढला आहे. ठाण्याच्या बाल कल्याण समितीकडे जाऊ का?

उत्तर : नको. तुमचे पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे, पण जिल्हा रायगड. त्यामुळे समितीही रायगडची. या घोळात अर्ज इकडून तिकडे फिरतो आणि मूल तिथेच राहतं. १०९८ ला फोन केलात की हा प्रश्न तुमच्यापुरता सुटतो. व्हिडिओ पोलिसांना किंवा समितीला द्या, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. प्रकरण समितीपुढे असताना मुलाची ओळख उघड केली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. लैंगिक छळाचा संशय असेल तर मात्र वाट पाहू नका : पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही.