सुटणारी मिशी आणि कॅमेरा

प्रश्न : वय ४५. कालिदास कलामंदिरात हौशी नाटकांतून सासरे, मामलेदार रंगवतो. दुसऱ्या अंकात मिशी सुटतेच. आता मालिकेत चरित्रभूमिकेसाठी बोलावणं आलंय. उशीर तर झाला नाही ना? काय बदलू?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : घामाला दोष देऊ नका, स्पिरिट गम (मिशी चिकटवायचा डिंक) ओला असतानाच मिशी लावली जाते, ही खरी चूक. जागा गुळगुळीत दाढी करून स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. तिथे क्रीम, पावडर काही नको. गमचा पातळ थर द्या आणि बोटाने टिपत राहा. बोट उचलताना गमची तार सुटू लागली की मिशी मधून कडांकडे दाबा, वर ओलसर फडकं अर्धा मिनिट धरा. नाकाखालच्या खोबणीत गम साचला की पहिली तिथूनच सुटते.

कॅमेऱ्यापुढे मात्र रंगवलेल्या सुरकुत्या रेघाच दिसतात. त्या पुसून टाका. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायचा नाही, माईक जवळच असतो. पण वाक्याची अखेर गिळू नका. चहाचा कप कोणत्या शब्दावर उचलला ते पक्कं लक्षात ठेवा. तोच प्रसंग पुन्हा दुसऱ्या कोनातून घेतात, तेव्हा हात चुकला तर संकलनात तुमचा चांगला टेक वाया जातो.

उशिराचं म्हणाल, तर श्रीराम लागूंनी चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ मध्ये डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली. आपल्या शिरवाडकरांचा ‘नटसम्राट’ त्यांनी १९७० मध्ये उभा केला, चित्रपट त्यानंतरचे. बोलावणं स्वीकाराच.