वाचकांचे प्रश्न : रस्त्याकडेची झाडं

आमच्या गल्लीतल्या चाळीस जणांनी व्हॉट्सअ‍ॅप गटावर नावं दिली आहेत. जूनमध्ये पदपथावर पन्नास झाडं लावायची आहेत. सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

पाणी घालणारी माणसं मोजण्यापासून करा. लावणी एका सकाळी उरकते, पाणी मात्र तीन उन्हाळे घालावं लागतं. पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येक रोपाला आठवड्यातून दोनदा पंधरा ते वीस लिटर पाणी हवं. पन्नास रोपांना वीस लिटरप्रमाणे एका खेपेलाच हजार लिटर झालं. चाळीस नावांपैकी एप्रिलमध्ये बादली उचलणारे बारा-पंधरा जण उरले, तरी गट चांगला म्हणायचा. प्रत्येकाने दोन रोपं सांभाळली, तर आकडा पंचवीसवर येतो. तेवढीच लावा. उरलेली पुढच्या पावसाळ्यात.

मे महिन्यात अर्धी गल्ली गावी जाते आणि रोपं नेमकी तेव्हाच जळतात. म्हणून प्रत्येक रोपाला दोन माणसं नेमा, आणि त्यातलं एक मे महिन्यात तिथेच असणारं असू द्या: सोसायटीचे वॉचमन, इस्त्रीवाले, कोपऱ्यावरचे दुकानदार, निवृत्त काका-काकू. वॉचमनवर काम सोपवणार असाल, तर त्याचे पैसे ठरवून वेळेवर द्या. फुकटात गृहीत धरू नका. पाणी कुठल्या नळाचं, याची त्या सोसायटीशी आधीच बोलणी करा आणि पाइप शेवटच्या रोपापर्यंत पोचतो का, ते प्रत्यक्ष ओढून बघा.

पदपथ महापालिकेचा असतो, म्हणून लेखी परवानगी लागते. उद्यान विभागाकडे मार्च-एप्रिलमध्येच अर्ज करा. सोबत गल्लीचा हाताने काढलेला नकाशा जोडा: विजेचे खांब, ड्रेनेजची झाकणं, फाटकं, प्रत्येक खड्ड्याची जागा. त्याच वेळी पथ विभागात जाऊन रस्तारुंदी किंवा केबलसाठी खोदाई ठरली आहे का, ते विचारा. हे न विचारल्यामुळे दोन वर्षांची, अंगठ्याहून जाड झालेली झाडं जेसीबीखाली जातात.

जागा आखताना चालणाऱ्यांसाठी १.८ मीटर वाट मोकळी राहिली पाहिजे. ती राहत नसेल, तर पदपथाचा हट्ट सोडा आणि सोसायटीच्या भिंतीच्या आत लावा. सावली रस्त्यावर पडतेच. मध्यम झाडांत पाच-सहा मीटर, मोठ्या झाडांत आठ-दहा मीटर अंतर ठेवा. चौकाच्या कोपऱ्यापासून दहा मीटर सोडा, म्हणजे वळणाऱ्या गाडीला समोरचं दिसतं.

खड्डा दीड फुटावरच मुरुमाला लागतो. तेवढ्यात भागेल का?

भागणार नाही. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल हवा. मुरुमात असा एक खड्डा दोन माणसांचा अर्धा दिवस खातो, त्यामुळे खोदाई मजुरांकडून मे महिन्यात करून घ्या. स्वयंसेवकांची ताकद भरणी, लावणी आणि पाण्यासाठी राखून ठेवा. पंचवीस खड्ड्यांतून साधारण १९ घनमीटर राडारोडा निघतो. तो कोण, कधी उचलणार हे खोदण्याआधी ठरवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात गल्ली तुमच्या विरोधात जाईल. उघड्या खड्ड्याभोवती दोरी आणि फळी लावाच, अंधारात माणूस पडतो.

खडकातला खड्डा म्हणजे हौद. भरण्यापूर्वी त्यात चार बादल्या पाणी ओता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच दिसलं, तर तळाला पहारीने फोडून भेगा पाडा. हे राहिलं, तर जुलैत मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात आणि लोक पाणी कमी पडलं समजून आणखी ओततात.

भरणीला दोन भाग पोयट्याची माती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. ताजं शेण नको, त्याच्या उष्णतेने मुळं भाजतात. वाळवीची जागा असेल तर अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळा. भरणी पायाने दाबून, पाणी मारून बसू द्या. भुसभुशीत ठेवली, तर पहिल्या पावसात रोप खाली खचतं.

तारांखाली कोणती झाडं लावावीत?

कांचन किंवा पारिजातक. तारा नसतील तिथे ताम्हण, बहावा, बकुळ, करंज. रुंद रस्त्याला कडुनिंब. गुलमोहर मोहक खरा, पण त्याची मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांद्या गाड्यांवर येतात. कोनोकार्पस भराभर वाढतो म्हणून कुणी सुचवेल, नको. मध्यम झाडांची रोपं सहा ते आठ फूट उंचीची घ्या, फूटभराची रोपं पदपथावर टिकत नाहीत.

गेल्या वर्षी लावलेली रोपं जिवंत आहेत, पण वाढतच नाहीत. पाणी नियमित आहे. (एक वाचक, नाशिक)

बुंध्याजवळची माती हाताने उकरा. मुळं जिथून फुटतात तो भाग जमिनीलगत असायला हवा. तो चार-सहा इंच खाली गाडला गेला असेल, तर साल ओली राहून कुजते. वरची माती काढून घ्या. मग पिशवीचा प्लास्टिक तुकडा सापडतो का बघा. घाईच्या कार्यक्रमात पिशवी फक्त खालून फाडून रोप ठेवलं जातं आणि मुळं आतच गोल फिरत राहतात. पुढच्या वेळी पिशवी पूर्ण काढा, गोल वळलेली मुळं धारदार चाकूने उभी चिरा.

नंतर बांधणी तपासा. नायलॉनची दोरी किंवा तार सालीत रुतली असेल, तर लगेच कापा. दोन बांबू दोन बाजूंना रोवून सुतळीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल गाठ मारा. खोड वाऱ्यावर थोडं हललं, तरच ते जाड होतं.

आणि पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडले असतील, तर तुमचं पाणी वरून वाहून जात असणार. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. ब्लॉक काढून घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करताना त्याचा दाखला द्या. मोकळ्या झालेल्या आळ्यात तीन इंच वाळका पाला पसरा, बुंध्यापासून चार बोटं दूर. रोपाभोवती संरक्षणाची लोखंडी जाळी असेल, तर तीही दर सहा महिन्यांनी बघा. खोड तिला टेकायला लागलं, की जाळी काढून पुढच्या रोपाला लावायची.