गोव्यातल्या नुवेंचं कार्मेल कॉलेज चालवणाऱ्या सिस्टरांच्या संस्थापिका मदर वेरोनिका संत आहेत का?

नाही, अजून नाहीत. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘पूजनीय’ घोषित केलं. पुढे ‘धन्य’ आणि मग ‘संत’ या पायऱ्या उरतात, आणि त्या प्रत्येकीसाठी सहसा एकेक चमत्कार चर्चने मान्य करावा लागतो. मूळच्या सोफी लीव्स, अँग्लिकन धर्मगुरूची मुलगी, नंतर कॅथलिक झाल्या. १८६८ मध्ये फ्रान्समधल्या बायोन इथे त्यांनी अपोस्टोलिक कार्मेल हा सिस्टरांचा संघ सुरू केला, तोही थेट भारतातल्या मुलींच्या शिक्षणासाठी; १८७० मध्ये पहिल्या सिस्टर मंगळूरला पोचल्या. मात्र नुवेंचं कॉलेज त्यांनी स्वतः काढलेलं नाही. ते १९६४ चं, आणि मदर १९०६ मध्येच वारल्या.