सिलिअक आहे आणि लघवीत प्रोटीन आलं, आता पुढे काय?

ताई, लेकीला सिलिअक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रोटीननं आतडं खराब होतं तो आजार) आहे, गहू बंद होऊन बरीच वर्षं झाली आणि आता लघवीत प्रोटीन १+ आलं पण क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) नॉर्मल, तर हे सिलिअकमुळेच का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या बायकोला सिलिअक आहे आणि तिला मुतखडाही होऊन गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घाबरू नका, पण क्रिएटिनिन नॉर्मल आहे म्हणून सोडूनही देऊ नका. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, पोरगी अंगानं बारीक असेल तर किडनी थोडी मंदावली तरी आकडा चांगलाच दिसतो. उलट १+ एखाद्या वेळी ताप, पाळी, जास्त व्यायाम यानंही येतं. त्यामुळे सकाळच्या पहिल्या लघवीचं एसीआर (लघवीतल्या अल्ब्युमिन प्रोटीनचं क्रिएटिनिनशी प्रमाण) करा, सोबत लघवीत रक्तपेशी आहेत का ते आणि बीपी बघा. एसीआर ३० mg/g च्या वर ३ महिने टिकून राहिलं तर ते किडनीचंच दुखणं समजतात.

आता संबंधाचं. सिलिअकमध्ये शरीर ग्लूटेनविरुद्ध आयजीए नावाच्या अँटीबॉडी बनवतं, आणि आयजीए नेफ्रोपॅथी म्हणून किडनीचा एक आजार आहे त्यात आयजीएच किडनीच्या गाळणीत जाऊन साचतं. स्वीडनमध्ये हजारो सिलिअक पेशंटच्या नोंदी तपासल्या तेव्हा हा आजार त्यांच्यात साधारण तिप्पट दिसला. पण मुळात तो कमी लोकांना होतो, त्यामुळे तिप्पट म्हटलं तरी बहुतेक सिलिअकवाल्यांना होत नाही. सर्दी-घसा धरला की एक-दोन दिवसांत लघवी चहासारखी लाल होते का हे मात्र लेकीला नक्की विचारा, डॉक्टरला ते सांगणं फार कामाचं आहे. तिला टाइप १ डायबिटीस पण असेल तर किडनीवर तिकडूनही लक्ष ठेवावं लागतं, हे दोन आजार बरेचदा जोडीनं येतात.

दुसरी वाट मुतखड्याची. आतडं खराब असलं की चरबी पचत नाही, ती कॅल्शियमला धरून ठेवते, मग ऑक्झलेट (पालकासारख्या पदार्थांत असतं ते) मोकळं राहून रक्तात जातं आणि किडनीत खडा करतं. त्यात आपलं नागपूर, मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, पाणी कमी पडलं की संपलंच. खडा होतो म्हणून दूध-दही बंद करू नका बरं, जेवणातलं कॅल्शियमच ऑक्झलेटला आतड्यात अडवतं. पालक कमी करा, आणि व्हिटॅमिन सी च्या मोठ्या गोळ्या मनानं घेऊ नका.

गहू बंद म्हणजे खरंच बंद आहे का हेही एकदा तपासा. ज्वारीची भाकर खाऊन राहिली पण गिरणीत त्याच चक्कीवर आधी गहू दळला असेल तर काय उपयोग? बाजारच्या हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ असतं, तर्री-पोह्याच्या तर्रीतून ते सहज पोटात जातं. टीटीजी (सिलिअकच्या अँटीबॉडीची रक्ततपासणी) परत करून घ्या, वाढलेलं असेल तर आधी हे शोधा. पथ्यानं आतडं भरून येतं, किडनी हमखास सुधारतेच असं मी म्हणणार नाही, त्याचे उपचार नेफ्रोलॉजिस्टच (किडनीचे डॉक्टर) सांगतील.

धाकट्याचाही गहू बंद करू का म्हणता, तर आत्ता अजिबात नको. सख्ख्या भावंडांत साधारण १० पैकी एकाला सिलिअक निघतो, म्हणून त्याचं टीटीजी आणि टोटल आयजीए (रक्तात एकूण आयजीए किती आहे ते) करा, पण गहू चालू असतानाच. आधी सोडला तर टेस्ट खोटी निगेटिव्ह येते.

आणि लेकीचे हातपाय दुखतात म्हणून पेनकिलर देत असाल तर नेफ्रोलॉजिस्टला दाखवेपर्यंत थांबवा, जाताना जुने टीटीजीचे आणि आतड्याच्या बायोप्सीचे रिपोर्ट सोबत न्या.