खात्री करणं तुझं काम नाही

प्रिय बाळ,

सलाम.

तुझं पत्र चांगलं लांबलचक आहे, पण मी अडकले ती एका ओळीपाशी: "खात्री नसताना बोललो तर एका भल्या माणसाचं नाव धुळीला मिळेल." आठ-नऊ वर्षांची पोरगी चर्चमध्ये कीबोर्ड शिकायला अंकलकडे एकटी जायला तयार नाही, का म्हणून विचारलं की मान खाली घालते, आणि तू खात्रीची वाट बघत बसलायस. बाळा, खात्री करणं तुझं काम नाही. ते पोलिसांचं, बालकल्याण समितीचं, शेवटी कोर्टाचं. मुलं कंटाळ्यानेही नको म्हणतात, ओरडणाऱ्या सरांनाही नको म्हणतात. यातलं नेमकं काय आहे ते कदाचित तुला कधीच कळणार नाही. न कळताच तुला पुढचं पाऊल टाकायचं आहे.

आधी तातडीचं सांगते, बाकीचं रात्री वाच. एकेकट्या मुलाला घेऊन शिकवणं या आठवड्यापासून बंद. त्या एका मुलीचं नाही, सगळ्यांचं. कीबोर्ड, गिटार, वचनांचं पाठांतर, जे काही असेल ते हॉलमध्ये, दार उघडं ठेवून, दुसरं मोठं माणूस समोर असताना. नियम सगळ्यांना लावला की बोट कुणाकडे जात नाही, त्या माणसाला सुगावा लागत नाही आणि पोरगी त्या खोलीत जात नाही. मग १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लाव. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. आहे तेवढंच सांग: ती काय म्हणाली, कधी म्हणाली. तुझा अंदाज सांगू नकोस. आईला कधी आणि कसं सांगायचं तेही त्यांनाच विचार, कारण कधी कधी त्रास देणारा घरातलाच असतो आणि मूल भलत्याच माणसाचं नाव पुढे करून मोठ्यांना चाचपून बघत असतं.

आणि वही. तिने जे म्हटलं ते आजच लिहून काढ, तिच्याच शब्दांत. मराठीत म्हणाली तर मराठीत, मधे कन्नड शब्द आला तर तो कन्नडच. 'पोटाखाली' म्हणाली असेल तर तेच लिही, त्याचं शुद्ध मराठी करू नकोस. तारीख, वेळ, जागा, आसपास कोण होतं, तू काय विचारलंस आणि ती काय बोलली, खाली तुझी सही. चूक झाली तर खोडून वर लिही, पान फाडू नकोस. मोबाइलवर तिचं बोलणं रेकॉर्ड करू नकोस. पानाचा फोटो कुणालाही पाठवू नकोस, चर्चच्या पाळकांनासुद्धा नाही.

ती आणखी काही बोलायला आली तर बस, ऐक, घाई करू नकोस. "मग काय झालं?", "सांग" एवढ्यावर भागव. "अंकलने हात लावला का?" असं तुझ्या तोंडून गेलं की उत्तर तू तिच्या तोंडात घातलंस, आणि पुढे वकील नेमकं तेच धरतो. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस, ते तुला पाळता येणार नाही. "तू सांगितलंस ते बरं केलंस. आता मदत करणाऱ्या माणसांना मला सांगावं लागेल," एवढं म्हण. एकदाच ऐकायचं. आपल्याकडे काय होतं, मुलगी बाईंना सांगते, बाई तिला पाळकीणबाईंकडे नेतात, मग महिला संघाच्या अध्यक्षा येतात, मग कमिटी. पाचव्या वेळी सांगताना पोर दमलेली असते, दोन गोष्टी गाळते, एक वेगळी सांगते, आणि कमिटी म्हणते, बघा, बोलणं बदलतंय.

तू पुन्हा 'पण' म्हणणार. पण पाळक म्हणाले थांब, नाताळ होऊ दे. पण ते अंकल चर्चच्या कमिटीवर आहेत. पण पुरावा काय. म्हणून कायदा काय म्हणतो ते नीट बघ. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२ चा. त्याच्या कलम १९ मध्ये गुन्हा झाल्याचं माहीत असलेल्याबरोबरच गुन्हा होण्याची भीती वाटणाऱ्यालाही धरलंय. माहिती विशेष बालपोलीस पथकाला किंवा जवळच्या ठाण्याला द्यायची. 'कोणतीही व्यक्ती' असे शब्द आहेत, कमिटीच्या ठरावाची अट कुठेच नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख हाताखालच्या माणसाचा गुन्हा झाकून ठेवेल तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा नोकरीतल्या माणसाने त्याच संस्थेत मुलावर अत्याचार केला तर कायदा तो अधिक गंभीर प्रकार धरतो. 'आपला माणूस' म्हणून सूट नाही, उलट शिक्षा जास्त. हे पाळकांना समोर बसून, आवाज न चढवता सांग. तू त्यांच्या विरोधात उभा नाहीस, त्यांनाच वाचवतोयस.

मिटवामिटवी हा आपल्या मंडळीचा जुना रोग. वडीलमंडळी बायबलमधला मत्तयाचा अठरावा अध्याय काढतात: भावाने अपराध केला तर एकांतात जाऊन त्याला सांग. पंधरावं वचन तोंडपाठ असतं, त्याच अध्यायातलं सहावं कुणी वाचत नाही. लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याचं ते वचन. पंधरावं दोन बरोबरीच्या माणसांसाठी आहे, मूल आणि चाळिशीतला माणूस बरोबरीचे नसतात. कायद्यातही ही तडजोड चालत नाही. शिक्षकाने विद्यार्थिनीला त्रास दिल्याच्या राजस्थानातल्या एका प्रकरणात घरच्यांनी समझोता केला, उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. "आधीच आपण मूठभर, धर्मांतराचे आरोप, त्यात हे बाहेर गेलं तर?" हा प्रश्न मी क्षुल्लक म्हणत नाही, ती भीती खरी आहे. पण १८२० साली लंडन मिशनचे मिशनरी इथे बेळगावात आले, मग मेथॉडिस्ट पंथाचे आले, इतक्या वर्षांची अब्रू एका पोरीच्या गप्प बसण्यावर टांगून ठेवायची? ब्रिटनच्या मेथॉडिस्ट चर्चने १९५० पासूनची आपलीच प्रकरणं उकरून २०१५ मध्ये अहवाल छापला. १,८८५ निघाली. ते छापूनही त्यांची देवळं उघडीच आहेत.

मला संशयी म्हणतात. म्हणू देत. संशय घेणं आणि खात्री करणं यात फरक आहे, आणि खात्री करायला जाणाऱ्यांनीच आजवर जास्त नुकसान केलंय. ते त्या माणसाला बोलावून विचारतात, तो सावध होतो, मोबाइल साफ करतो, मुलीच्या घरी जाऊन रडतो. तो निर्दोष असला तरी अशा चौकशीने त्याचं भलं होत नाही, कुजबुज जन्मभर मागे राहते. त्याला न्याय मिळायचा तर तोही रीतसर तपासातूनच.

प्रार्थनेच्या ग्रुपकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघ. "एका बहिणीच्या लेकीसाठी विशेष प्रार्थना, कॅम्प भागातलं कुटुंब, वडील दुबईला" एवढ्यावर अख्खी मंडळी ओळखते. नाव लिहिलं नाही म्हणून सुटका नाही. मुलाची ओळख फुटेल असं काहीही बाहेर जाता कामा नये, प्रार्थनेचा विषय म्हणूनही नाही. देव पत्ता विचारत नाही.

ठाण्यात जायची वेळ आली तर आपल्याकडची खरी अडचण भाषेची. फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते, पोर बोलते मराठी. तिला न समजणाऱ्या भाषेत लिहिलं जात असेल तर दुभाषा द्यावा लागतो, ते त्याच कलम १९ मध्ये आहे. मागून घे, लाजू नकोस. दुभाषा म्हणून मंडळीतल्या कुणाला बसवू नकोस, आरोपीच्या ओळखीचा तर मुळीच नको. सही करण्याआधी कन्नड मजकूर मराठीत वाचून दाखवायला सांगायचं. जबाब शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलीच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो. सोबत आईवडील किंवा तिच्या विश्वासाचं माणूस. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. घटना सहलीत, चंदगड किंवा आंबोलीकडे घडली असेल आणि कुणी "ते महाराष्ट्रात येतं, तिकडे जा" म्हणालं, तर झिरो एफआयआर सांग. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती घ्यावीच लागते. घटना ताजी असेल तर मुलीला अंघोळ घालायची नाही, कपडे धुवायचे नाहीत, कागदी पिशवीत ठेवायचे.

आता कॅरल, म्हणजे नाताळची गाणी गात घरोघर फिरणं, आणि मे महिन्यातली व्हीबीएस, मुलांची सुट्टीतली बायबल शाळा. मुलांबरोबर नेहमी दोन मोठी माणसं हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि शेवटच्या मुलापाशी मोडतो. कॅरलची व्हॅन रात्री कॅम्पातून निघते, शहापूर, वडगाव, अनगोळ करत मुलं उतरतात, वाटेत दुसरे भाऊही आपल्या घरी उतरतात, आणि हिंडलग्याच्या पोराबरोबर गाडीत उरतो एकटा ड्रायव्हर. म्हणून उतरण्याचा क्रम आधी कागदावर लिहायचा आणि दुसरं मोठं माणूस शेवटच्या मुलानंतर उतरवायचं. नवरा-बायको ही जोडी दोन धरायची नाही, एक धरायची. लहान वर्गात सहा मुलांमागे एक मोठं माणूस, मोठ्या वर्गात दहामागे एक, पण दोनपेक्षा कमी कधीच नाही. संडास-बाथरूमला मुलं जोडीने जातील, मोठं माणूस बाहेर थांबेल. वहीत मुलाचं नाव, पालकांचा नंबर, न्यायला कोण येणार. वहीत नसलेला मामा आला तर आधी आईला फोन. इतर धर्मांच्या घरांतली मुलंही येतात, त्यांच्या पालकांची मराठी-कन्नड दोन्ही मजकूर असलेल्या कागदावर सही हवीच. आणि मुलांना वैयक्तिक मेसेज नाहीत. जे काही असेल ते पालकांच्या ग्रुपवर.

नवा माणूस सहा महिने नुसता उपासनेला येऊ दे, मग मुलांत पाठव. आधीच्या मंडळीच्या पाळकांना स्वतः फोन कर, त्याने आणलेल्या पत्रावर जाऊ नकोस. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांना आपल्या माणसांची ठराविक काळाने पोलीस पडताळणी करायला सांगितलंय. तो गडहिंग्लज-कोल्हापूरकडून आलेला असेल तर इथल्या दाखल्यावर भागत नाही, तिकडचाही हवा. दाखला कोरा आला म्हणजे माणूस कोरा असं मात्र नाही. ज्याच्याविरुद्ध कधी कुणी बोललंच नाही त्याचाही दाखला कोराच येतो.

पत्राच्या शेवटी तू त्या आजींचं दोन ओळींत उरकलंस. कमिटीतले भाऊ त्यांचं एटीएम कार्ड सांभाळतात, संध्या सुरक्षेचे, म्हणजे सरकारी वृद्धापकाळ पेन्शनचे, पैसे काढून आणून देतात, "आजींना दिसत नाही ना." इथेही तुझं तेच: ते चोरतात की नाही याची खात्री नाही. नसू दे. कार्ड आजींकडे परत, पिन बदलायचा, पैसे काढायला दोघांनी जायचं, पासबुक दर महिन्याला भरून त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं. मंडळीतल्या कुणीही कुणाचं कार्ड, पासबुक किंवा सही केलेली कोरी स्लिप ठेवायची नाही, पाळकांनीही नाही. आजी नको म्हणाल्या तर त्यांचं ऐक. त्या मोठ्या आहेत, निर्णय त्यांचा, पण तो भाऊ समोर नसताना विचार. घर कुणाच्या नावे करायचं म्हणत असतील तर बक्षीसपत्रात सांभाळ करण्याची अट लिहून घ्यायला सांग. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते पत्र रद्द करून घ्यायचं तर ती अटच कामाला येते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे: बेळगाव, बैलहोंगल किंवा चिकोडी, जो उपविभाग असेल तो. घर मंडळीला द्यायचं म्हणाल्या तर त्यांचा स्वतःचा, मंडळीशी संबंध नसलेला वकील असल्याशिवाय कागद घेऊ नका. सल्ल्याला १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

मागच्या गल्लीतल्या त्या मुलाला प्रार्थनेसाठी बांधून आणतात म्हणालास. बांधणं बंद. साखळी घालायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. प्रार्थना करा, गोळ्या थांबवू नका, आणि धारवाडच्या डिम्हान्स या मानसिक आजारांच्या रुग्णालयात न्यायला गाडी करून द्या.

कॅरलची यादी मला पाठव, गाडीवार आणि उतरण्याच्या क्रमाने. १०९८ ला फोन केलास की वेळ वहीत टाक, उचलणाऱ्याचं नाव विचारून तेही टाक.

तुझी,
मावशी