वस्तऱ्याला धार लावायला पहिला दगड कोणता घ्यावा?

तुम्ही नवा वस्तरा घेतलाय आणि 400 नंबरपासून 30000 नंबरपर्यंतचे दगड बघून गोंधळलाय (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक). नवशिक्याने किती दगड घ्यावेत, कोणते घ्यावेत आणि बेल्जियमचा तो पिवळा नैसर्गिक दगड घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं वस्तऱ्यानेच दाढी करतो आणि धारही घरीच लावतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खात्री करा की तुमचा वस्तरा अखंड पात्याचा आहे. हल्ली सलूनमध्ये असतो त्यात अर्धं ब्लेड बसवतात. तसा असेल तर दगडाची गरजच नाही, ब्लेड बदललं की झालं. खालचं सगळं अखंड पात्याबद्दल आहे.

माझं उत्तर असं: 1000 चा एक चांगला दगड, 4000/8000 असा दोन बाजूंचा एक, दगड सपाट करायला एक डायमंड प्लेट (हिऱ्याचे बारीक कण बसवलेली पट्टी) आणि चामड्याचा पट्टा. पहिल्या वर्षी एवढंच. 12000 चा दगड नंतर घ्या, नैसर्गिक दगड त्याच्याही नंतर. पैसे कमी पडत असतील तर 8000 च्या वरचं सगळं सोडा, पण 1000 आणि सपाट करायची प्लेट यांत काटकसर करू नका.

मी स्वतः नेमकं उलट केलं होतं. पुण्याच्या जुन्या बाजारात एक जर्मन वस्तरा मिळाला, पात्यावर ‘झोलिंगेन’ (पात्यांसाठी प्रसिद्ध असलेलं जर्मन शहर) असा ठसा. जितका बारीक दगड तितकी तीक्ष्ण धार, असं मी धरून चाललो आणि सगळ्यात आधी 12000 चा दगड आणला. दोन आठवडे रोज संध्याकाळी घासत होतो. पातं आरशासारखं चमकायला लागलं, पण गालावर लावलं की केस ओढले जायचे, डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी कुणीतरी सुचवलं म्हणून धारेच्या उतारावर काळ्या मार्करने रेघ ओढली आणि दगडावर पाच-सहा हात मारून घड्याळजीच्या भिंगातून पाहिलं. उताराचा वरचा भाग लख्ख झाला होता, पण अगदी कडेला, केसाएवढ्या जाडीची काळी रेघ टाचेपासून (पात्याच्या मुठीकडच्या टोकापासून) मध्यापर्यंत तशीच होती. म्हणजे दोन आठवडे माझा दगड खऱ्या धारेला लागलाच नव्हता.

यातच सगळं आलं. दोन्ही बाजूंचे उतार जिथे एकमेकांना मिळतात ती धार. ते पूर्ण लांबीभर, टाचेपासून टोकापर्यंत मिळवायचं काम 1000 चा दगड करतो. त्यापुढचे दगड फक्त ओरखडे बारीक करत जातात. उतार मिळालेलेच नसतील तर 12000 काय आणि 30000 काय, नुसती पॉलिश होते.

वस्तऱ्यात एक सोय असते, ती सुरीत नसते. कोन हाताने सांभाळावा लागत नाही, कारण पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात. पातं 16 मिमी रुंद आणि पाठ साधारण साडेचार मिमी जाड असेल तर धारेचा कोन आपोआप 16 अंशांच्या आसपास येतो. म्हणून पाठ कधीही उचलायची नाही. पाठ झिजू नये म्हणून तिच्यावर इलेक्ट्रिशियनच्या टेपचा एक थर लावतात. मीही लावतो, आणि फाटला की लगेच बदलतो. एकदा टेप लावून सुरुवात केली की शेवटच्या दगडापर्यंत लावायचीच. मधेच काढली तर कोन बदलतो.

आता 1000 मध्ये कोणता. किंग, शॅप्टन आणि नानिवा या जपानी कंपन्या. किंगचा तांबूस दगड जुना आणि भरवशाचा आहे. पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचा, बुडबुडे थांबले की तयार. तो मऊ असल्याने लवकर झिजतो, पण हाताखाली काय चाललंय ते छान कळतं. शॅप्टनचा नारिंगी 1000 कठीण आहे, भिजवावा लागत नाही, वर पाणी शिंपडलं की पुरे, आणि बराच काळ सपाट राहतो. मी आज पुन्हा सुरुवात केली तर शॅप्टन घेईन. नानिवाचा 1000 सुद्धा उत्तम, पण नानिवाचे दगड तासन्‌तास पाण्यात ठेवू नका, त्यांना ते सोसत नाही. लांबी 200 मिमीच्या आसपास आणि रुंदी 65 ते 75 मिमी असावी. पातं साधारण दगडाच्या रुंदीएवढंच लांब असतं, म्हणून हात सरळ न नेता तिरका न्यायचा: टाच दगडावर ठेवून निघायचं आणि पोचेपर्यंत टोक दगडावर यायला हवं. दगडावर धार पुढे, पाठ मागे.

1000 वरून पुढे कधी जायचं? हाताच्या मनगटाजवळचे केस कातडीला टेकून सहज निघायला हवेत, आणि तेही टाच, मध्य, टोक अशा तिन्ही ठिकाणी. एका जरी ठिकाणी अडखळलं तरी 1000 वरच राहा. मला पहिल्या वेळी इथेच दीड तास लागला होता. पुढचे सगळे दगड मिळून अर्धा तासही लागला नाही. धारेवरून अंगठा लांबीच्या दिशेने फिरवून बघू नका.

4000/8000 साठी नॉर्टन कंपनीचा जोडदगड हा दाढी करणाऱ्यांचा वर्षानुवर्षांचा आवडता. 4000 ची बाजू 1000 चे ओरखडे पुसते. भिंगातून पाहिलं तर जुने खोल ओरखडे कुठे राहिलेत ते स्पष्ट दिसतं, तेवढे जाईपर्यंत थांबा. 8000 वर पात्याच्या वजनापलीकडे दाब नको. नवशिक्याचा हात इथेच जड होतो. 8000 नंतर पट्टा मारला की चांगली दाढी होते. 12000 ने ती अधिक मऊ होते, फरक जाणवतो, पण तो आधीचं काम बरोबर झालं असेल तरच.

सपाटपणाबद्दल दुकानदार फारसं सांगत नाहीत. सुरीवाल्याला थोडा खोलगट दगड चालून जातो, वस्तऱ्याला अजिबात चालत नाही, कारण पाठ आणि धार दोन्ही टेकायच्या असतात. नवा दगडसुद्धा सपाट असेलच असं धरू नका. पेन्सिलने त्यावर आडव्या-उभ्या रेघा मारा आणि पाण्याखाली डायमंड प्लेटवर घासा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट. मधल्या रेघा तशाच राहिल्या तर तिथे खळगा आहे. 325 किंवा 400 नंबरची प्लेट पुरते. प्लेट परवडत नसेल तर जाड काचेवर 220 चा वॉटर पेपर चिकटवून तेच काम होतं, फक्त पेपर सारखा बदलावा लागतो. दगडाच्या चारही कडा थोड्या मोडून घ्या, नाहीतर तिरक्या हातात कोपरा पात्याला लागतो.

नंबरांच्या बाबतीत आपल्याकडे एक घोटाळा नेहमी होतो. हार्डवेअरच्या दुकानातला 2000 चा पॉलिश पेपर आणि जपानी 2000 चा दगड एक नाहीत. त्या पेपरचा कण सुमारे 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे जपानी हिशेबात तो जेमतेम 1000 च्या आसपास. जपानी 8000 चा कण सव्वा मायक्रॉनच्या जवळपास असतो. त्यामुळे कंपनीचं नाव नसलेल्या, नुसता मोठा आकडा छापलेल्या स्वस्त जोडदगडावर मी वस्तरा ठेवणार नाही. हार्डवेअरमधला काळा जाड-बारीक बाजूंचा दगड विळी-कोयत्यासाठी. आणि सुरी ओढून धार लावायच्या यंत्रात वस्तरा चुकूनही घालू नका, पातं कायमचं जाईल.

खरोखर कमी खर्चात शिकायचं असेल तर लॅपिंग फिल्म (घासायचे बारीक कण लावलेली प्लास्टिकची पातळ फिल्म) घ्या. ऑप्टिकल फायबरचे कनेक्टर पॉलिश करणारे 9, 3 आणि 1 मायक्रॉनच्या फिल्म वापरतात, त्यामुळे त्या सामानाच्या दुकानांतून मिळतात. काचवाल्याकडून 10-12 मिमी जाडीची पट्टी कापून तिच्या कडा घासून घ्या, वर पाण्याचे थेंब टाकून फिल्म चिकटवा. सपाट करायची कटकटच नाही. पात्याच्या धारेत चिरा पडल्या नसतील तर याच तीन फिल्मवर उत्तम धार येते. फिल्म फाटते आणि संपते हे खरं, पण हात बसेपर्यंत दगडावर मोठा खर्च होत नाही.

बेल्जियमचा पिवळा दगड, कोटिक्युल, मला मनापासून आवडतो. आर्देनच्या डोंगराळ भागात व्हिएलसाल्मच्या आसपास तो मिळतो. त्यात गार्नेटचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. छोटा दगड वर घासून दुधट पाणी काढलं की तो भराभर कापतो, साध्या पाण्यावर अगदी हळू. एकाच दगडावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत धार लावणारे लोक आहेत. पण प्रत्येक तुकड्याचा स्वभाव वेगळा. दाढी ओढली तर दोष दगडाचा की तुमच्या हाताचा, हे तुम्हाला अजून कळणार नाही. म्हणून आत्ता नको.

पट्ट्याबद्दल एक आठवण. आमच्या गल्लीतले सलूनवाले काका आता अर्ध्या ब्लेडवरच काम करतात, पण जुनी धोकटी त्यांनी जपून ठेवली आहे. मी विचारल्यावर त्यांनी त्यातला निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, काढून दाखवला: तळहाताएवढा, काळपट, गुळगुळीत. डाव्या हातात धरून, पाण्याचे दोन थेंब टाकून त्यांनी त्यावर जेमतेम आठ-दहा हात मारले. मग वस्तरा चामोटीवर, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर, गेला आणि तिथे ते कितीतरी वेळ पलाटत राहिले, दरवेळी पाठीवरून पातं उलटत, पाठ पुढे आणि धार मागे. शेवटचे चार हात स्वतःच्या तळहातावर. (ते तुम्ही करू नका.) घरी प्रत्येक दाढीआधी चामड्यावर पन्नास-साठ फेऱ्या मारल्या तर 8000 चा दगड महिनोन्‌महिने काढावा लागत नाही.

मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात दाढीनंतर पातं पुसून तेलाचा पातळ हात द्या. धारेवर गंजाचे खड्डे पडले तर ते घालवायला 1000 वर पुन्हा तासभर जातो.

दगड मागवायच्या आधी वस्तऱ्याचा पाठीकडून आणि टाचेजवळून एकेक फोटो टाका. स्वस्त वस्तऱ्यांत टाचेपाशी जाड खांदा असतो, तो दगडावर टेकला की धार उचलली जाते. तुमच्यात तसं असेल तर आधी तेवढं दुरुस्त करावं लागेल, ते कसं करायचं हे फोटो पाहून सांगतो.